जेवढं बिघडलं तेवढंच

रविवार, संध्याकाळ

प्रिय चैताली,

सप्रेम जयभीम.

इथून केजला जावेला पत्र कोण लिहितं आता, असं तुला वाटेल. रोज आपलं फोनवर बोलणं होतंच. पण तुझा फोन स्पीकरवर असतो, शेजारी राम भावजी जेवत असतात, तुझी सायली अभ्यासाला बसलेली असते आणि माझ्याकडं सासूबाई कान देऊन असतात. बाईच्या अंगातल्या गोष्टी अशा घरभर ऐकू जातील तशा कशा बोलायच्या? शिवाय समोर बसून सांगायला गेले तर मी अर्ध्यातच गप्प होईन, हे मला माझं माहीत आहे. आशा सेविकेच्या कामाची रजिस्टरं भरून भरून लिहायचा हात बसलाय. म्हणून म्हटलं, लिहूनच काढू.

आधी चांगलं ते सांगते. गुरुवारी बीडला जाऊन आले. डॉक्टरबाईंनी तपासलं आणि जखम पूर्ण भरली म्हणाल्या. काढलेल्या तुकड्याचा रिपोर्टही समोर ठेवून समजावून सांगितला. त्याच्या सगळ्या कडा स्वच्छ आहेत, म्हणजे खराब भाग होता तेवढा सगळा निघाला, मागं काही राहिलं नाही. कॅन्सर नाही. आता एकदम फेब्रुवारीत तपासणी, मग वर्षाला एकदा. मी बाहेर आले, स्टँडवर गेले आणि एकटीनं बसून गरम भजी खाल्ली, वर दोन कप चहा घेतला. घरी येणारी वडवणीची एक गाडी समोरून निघून गेली तरी उठले नाही. किती दिवसांनी तोंडाला चव आली होती.

तुला मी तेव्हा फक्त ‘छोटं काम आहे, गर्भपिशवीच्या तोंडावरचं थोडं काढायचंय’ एवढंच सांगितलं होतं. आता पहिल्यापासून सांगते. जुलैमध्ये आपल्या उपकेंद्रात तिशीच्या पुढच्या बायकांची तपासणी होती. मी आठ दिवस घरोघर फिरून तीस नावं लिहून आणली. त्या दिवशी बायका आल्या, पण सगळ्या बाहेर लिंबाखाली बसून राहिल्या. आत कुणी जाईना. एकीला अचानक घरी काम आठवलं, एकीचं पोट दुखायला लागलं. शेवटी साखराबाईनं मला सगळ्यांदेखत विचारलं, “तुमी केली का तपासणी? आधी तुमी टेबलावर चढा, मग आमी बघू.” इतकी वर्षं गावाला सांगत आले आणि स्वतः एकदाही केली नव्हती. तशीच आत गेले.

सिस्टरनं व्हिनेगरसारखं औषध लावलं आणि मिनिटभर थांबायला सांगितलं. मी वर फिरणाऱ्या पंख्याकडं बघत होते. मिनिट झालं. बॅटरी जवळ आणून त्यांनी पुन्हा बघितलं आणि हळूच म्हणाल्या, “ताई, एक पांढरा डाग दिसतोय. बीडला दाखवावं लागेल.” मी साडी नीट केली, बाहेर आले आणि साखराबाईला म्हणाले, काही दुखत नाही, जा. त्या दिवशी एकोणीस बायका तपासून गेल्या. एकीलाही डाग निघाला नाही. निघाला तो फक्त मला.

बीडला दुर्बिणीतून बघून त्यांनी बारीकसा तुकडा तपासायला पाठवला. रिपोर्ट यायला सोळा दिवस लागले. त्या सोळा दिवसांत मी घरात कुणाशी धड बोलले नाही. हे विचारायचे, काय झालं, आणि मी म्हणायचे, कामाचा ताण. रिपोर्टात निघालं की पिशवीच्या तोंडावरच्या पेशी बदलल्यात. अजून कॅन्सर नाही, पण तसंच ठेवलं तर काही वर्षांत होऊ शकतो. मग मात्र घरी सांगावं लागलं. सासूबाईंनी तिथल्या तिथं निकाल दिला, “काढून टाक पिशवी. चैतालीनं न्हाई का काढली? सुटली एकदाची.” खरं सांगते, मलाही तेच वाटत होतं. नको ती भीती आणि नको ती तपासणी, सगळंच काढून मोकळं व्हावं.

डॉक्टरबाईंना मी तसं म्हणालेही. त्या अंबाजोगाईकडच्या आहेत, आपल्यासारखंच बोलतात. त्यांनी माझा कागद खाली ठेवला आणि विचारलं, “कावून? जेवढं बिघडलंय तेवढंच काढू. बाकीच्या पिशवीनं तुमचं काय वाकडं केलंय?” मग त्यांनी कागदावर पेनानं पिशवी काढून दाखवली, तिचं तोंड दाखवलं आणि त्या तोंडावर नखाएवढी गोल रेघ मारली. म्हणाल्या, एवढंच जाणार. इतक्या वर्षांत मी बायकांना किती तक्ते दाखवले असतील, पण स्वतःच्या अंगातलं एवढं सोपं करून मला कुणी दाखवलं नव्हतं.

ऑगस्टच्या शेवटी ते झालं. भूल पूर्ण दिली नाही, त्या जागेपुरतं इंजेक्शन दिलं. त्यानं छाती थोडी धडधडली. ती औषधाची आहे, भ्यायचं नाही, असं त्यांनी आधीच सांगितलं होतं. तारेचं एक बारीक कडं असतं, ते विजेवर तापतं. मशीनचा घुर्र आवाज झाला, जळाल्यासारखा वास आला, खाली ओढल्यासारखं झालं आणि पंधरा मिनिटांत संपलं सुद्धा. तासभर पडून राहिले आणि यांच्याबरोबर एसटीनंच घरी आले. निघताना सिस्टरनं छापील कागद हातात दिला. महिनाभर जड उचलायचं नाही, विहिरीत-तळ्यात उतरायचं नाही, दीड महिना नवऱ्यापासून लांब राहायचं. पाण्यासारखं, तपकिरी, मधूनमधून चहाच्या चोथ्यासारखे काळे कण असलेलं जात राहील, त्याला घाबरायचं नाही. पण तासाभरात पॅड भिजलं, गाठी पडल्या, ताप आला, घाण वास आला किंवा ओटीपोटात सहन होत नाही असं दुखलं, तर वाट न बघता यायचं. यांनी तो कागद दोनदा वाचला आणि दाराच्या आत खिळ्याला लावला. त्याच दिवसापासून ते ओसरीवर झोपायला लागले आणि सकाळी नळाचं पाणीही भरायला लागले. पहिल्या दिवशी नळावरच्या बायका हसल्या. दुसऱ्या दिवशी कुणी हसलं नाही.

तिसऱ्या दिवशी तू आलीस. मी नको म्हणत असताना दोन दिवस राहिलीस. सगळे हंडे तूच आणलेस, माझं डोकं धुऊन दिलंस, ज्वारीच्या भाकरी थापल्यास. मी खाटेवरून बघत होते. हंडा खाली ठेवला की दर वेळी तू डावं मनगट धरून उभी राहायचीस. गेल्या वर्षी नुसती उंबऱ्यात पडलीस तर ते मोडलं होतं. बाहेर पावसानं गारवा होता, मी पांघरूण घेऊन होते आणि तू घामाघूम होऊन पदरानं वारा घेत होतीस. मी विचारलं तर म्हणालीस, “माझ्या अंगात लई वर्षं झाली भट्टी हाय, बाई.” तू हसलीस म्हणून मीही हसले. तू केजला गेल्यावर मात्र ते माझ्या डोक्यातून जाईना. तुझं वय अडतीस. माझ्यापेक्षा तू सहा वर्षांनी लहान आहेस.

दहाव्या दिवशी काय झालं ते तुला फोनवर मी नीट सांगितलंच नाही. ‘थोडं रक्त गेलं’ एवढं म्हणाले होते. थोडं नव्हतं. त्या दिवशी लसीकरण होतं. मला अगदी बरं वाटत होतं, अंगात ताकद होती. जीपमधून लसीचा डबा उतरवायला कुणी दिसेना, म्हणून मीच उचलला आणि अंगणवाडीच्या पायऱ्या चढले. पाचव्या मिनिटाला मांड्यांना गरम लागलं. मागच्या खोलीत जाऊन बघितलं तर पॅड भिजलेलं. दुसरं लावलं, ते अर्ध्या तासाच्या आत भिजलं आणि गाठी पडायला लागल्या. कागदावर हेच लिहिलं होतं. आणि मी काय केलं असेल? दार लावून घेतलं आणि तांदळाच्या पोत्यावर बसून राहिले. बाहेर बायका लेकरं घेऊन आल्या होत्या, बोलत होत्या. मनात येत होतं की डबा उचलला म्हणून सगळे मलाच बोलतील. जरा बसलं की थांबेल. वीस मिनिटं मी तशी बसून होते. घरोघर जाऊन ‘काही लपवू नका’ म्हणणारी मी.

अंगणवाडीच्या केशरबाईंनी दार वाजवलं. माझा चेहरा बघून त्यांनी काही विचारलंच नाही, सरळ यांना फोन लावला. हे गावातल्या बंकट भाऊंची जीप घेऊन आले, मागच्या सीटवर आपली चादर अंथरली आणि मला आडवं केलं. बीड येईपर्यंत समोर रस्त्याकडंच बघत होते. मला वाटलं, रागावलेत. दवाखान्याच्या दारात मला उतरवताना एवढंच म्हणाले, “मला आधी फोन कावून न्हाई केला?” ते रागानं नव्हतं, चैताली. लेकरानं हरवलेलं काही मागावं तसा आवाज होता.

डॉक्टरबाईंनी लगेच आत घेतलं. जखमेवर धरलेली खपली अशीच दहा-बारा दिवसांनी सुटते आणि कुणाकुणाला एखाद्या जागेतून रक्त येतं, हे त्यांनी मला तपासता तपासता सांगितलं. त्या एका जागेवर तपकिरी मलम दाबून लावलं, जाळीच्या कापडाची पट्टी आत भरली आणि संध्याकाळपर्यंत निजवून ठेवलं. टाका घालावा लागला नाही. जंतू लागू नयेत म्हणून पाच दिवसांच्या गोळ्या आणि रक्तवाढीच्या गोळ्या दिल्या. मी सगळा गुन्हा कबूल केल्यासारखा लसीच्या डब्याचं सांगितलं. त्या म्हणाल्या, डबा उचलला नसता तरीही झालं असतं कदाचित. मग चष्मा काढून म्हणाल्या, “रक्त गेलं त्याचं मला काही न्हाई. ती वीस मिनिटं मला आवडली न्हाईत.”

त्यानंतर काही झालं नाही. पुढचे आठ दिवस चक्कर यायची, तीही गेली. पाणी जाणं तिसऱ्या आठवड्यात कमी झालं आणि मग थांबलं. पुढं कधी पिशवीचं तोंड आकसू शकतं, तर पाळीत फार दुखलं किंवा पाळी अडकली तर सांगा, असं त्यांनी बजावलं होतं. पण परवाची पाळी नेहमीसारखी आली, त्रास नाही. दसऱ्याला धम्मचक्र प्रवर्तन दिनी मी विहारात गेले, उभं राहून वंदना म्हटली, खीर वाढली. हे पुन्हा घरात झोपायला आले. सगळं जिथल्या तिथं आलं. गुरुवारी बीडहून आले तेव्हा मी खरंच हलकं व्हायला हवं होतं. अर्धी झालेही. उरलेल्या अर्ध्याचं सांगायला आता धीर एकवटते.

अकरा वर्षांपूर्वीचं तुला आठवतं का? तू सत्तावीस वर्षांची होतीस. तुम्ही दोघं तेव्हा ऊसतोडीला जायचात. तुझ्या अंगावरून पांढरं जायचं, कंबर दुखायची. मी आशा होऊन वर्षच झालं होतं, गावात मला जरा मान मिळायला लागला होता. मीच तुला त्या खाजगी दवाखान्यात नेलं. त्यांनी सोनोग्राफी केली आणि म्हणाले, पिशवी सडलीय, काढली नाही तर कॅन्सर होईल, हंगामाच्या आधी उरकून घ्या. तू बाहेरच्या बाकावर माझा हात धरून विचारलंस, “बाई, दुसऱ्या कुणाला दाखवू का?” आणि मी म्हणाले, “नको. डॉक्टर खोटं कशाला बोलतील?” तू माझ्या शब्दावर आत गेलीस. त्यांनी पिशवी काढली आणि बरोबर दोन्ही अंडाशयंही काढली. तू शुद्धीवर आलीस तेव्हा मला म्हणालीस की तुमच्यामुळं वाचले. ते तू आजपर्यंत म्हणत आलीस. त्या दवाखान्याची पाटी उतरून कितीतरी वर्षं झाली. मी मात्र इथंच आहे.

गुरुवारी जाताना मी ट्रंकेतली तुझी जुनी फाईल बरोबर नेली. तुला न विचारता नेली. माझं तपासून झाल्यावर ती डॉक्टरबाईंच्या पुढं ठेवली. त्यांनी सोनोग्राफीचा कागद वाचला, पुन्हा वाचला आणि विचारलं, हिची तुमच्यासारखी पिशवीच्या तोंडाची तपासणी झाली होती का, तुकडा पाठवला होता का? मी नाही म्हणाले. मग त्यांनी इंग्रजीतल्या ओळींवर बोट ठेवून मला मराठीत सांगितलं. पिशवीचा आकार नेहमीसारखा. अंडाशयं नेहमीसारखी. काही दोष दिसत नाही. पांढरं जातंय त्याला आठवडाभराच्या गोळ्या पुरल्या असत्या. अकरा वर्षं तो कागद आपल्याच घरात होता, चैताली, आणि मी तो एकदाही कुणाकडून वाचून घेतला नाही. अंडाशयं इतक्या लवकर गेली म्हणून तुझी हाडं ठिसूळ झालीत, ती भट्टीही त्याचीच. त्यावर औषध आहे, उशीर झाला असला तरी उपयोग होतो, तिला घेऊन या, असं त्या दोनदा म्हणाल्या.

हे तुला सांगायचंच नाही, असं मी बीडहून येताना ठरवलं होतं. सांगितलं म्हणून गेलेलं परत येणार नाही, आणि आपण वाचलो या समजुतीत तू सुखी होतीस. मनगटासाठी काहीतरी निमित्त काढून तुला दवाखान्यात न्यायचं, एवढाच माझा बेत होता. पण आज दुपारी तुझा फोन आला. तू खुशीत होतीस. म्हणालीस, शेजारच्या खोलीतल्या शिवकन्येला तसंच पांढरं जातंय, पोरगी सव्वीस वर्षांची आहे, घाबरलीय, डॉक्टरनं पिशवी काढायला सांगितलीय आणि बुधवारी तूच तिला घेऊन जाणार आहेस. म्हणालीस, “बाई, तुमी मला नेलतं, तशी मी तिला नेते.” त्यानंतर तू काय बोललीस ते मला ऐकू आलं नाही. म्हणून आता हे लिहिलंय, आणि पोस्टावर न सोडता केजला निघालेल्या बंकट भाऊंच्या जीपनं पाठवतेय, म्हणजे उद्या सकाळी तुझ्या हातात पडेल. तिला तिकडं नेऊ नकोस. मंगळवारी पहिल्या गाडीनं तिला बीडला घेऊन ये, येताना तिचे सगळे कागद आण आणि तूही तपासून घे. मी स्टँडवर उभी असेन. तू माझ्याशी बोलली नाहीस तरी चालेल, नंतर कधीच बोलली नाहीस तरी मी समजून घेईन. पण तिनं तुला विचारलं की दुसऱ्या कुणाला दाखवू का, तर तिला हो म्हण.

तुझीच,
सत्यशीला